सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरसाठी बूट होणारं एसडी कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय, बीगलबोन, रॉकचिपवाले बोर्ड यांच्यापैकी बहुतेकांत हार्ड डिस्क नसते. ऑपरेटिंग सिस्टिम राहते मायक्रो-एसडी कार्डवर, आणि ते कार्ड आपल्यालाच तयार करावं लागतं. कॉलेजचा प्रोजेक्ट असो की घरचा मीडिया सर्व्हर, गाडी अडते ती बहुधा इथेच. खालची उत्तरं कार्डवर लिनक्स टाकायचं आहे असं गृहीत धरून दिली आहेत. उदाहरणं जास्त करून पायची आहेत, कारण तोच बोर्ड सर्वांत जास्त लोकांकडे असतो. पण पायवर चाललं ते दुसऱ्या बोर्डावर चालेलच असं नाही, आणि निम्मा घोळ याच समजुतीतून होतो. फाइलींची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कार्डवर आणि टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

इमेज फाइल डाउनलोड केली आणि कार्डवर कॉपी-पेस्ट केली. बोर्ड सुरूच होत नाही. का?

इमेज फाइल ही संपूर्ण कार्डची पहिल्या सेक्टरपासूनची हुबेहूब नक्कल असते. पार्टिशन टेबल, बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम), फाइल सिस्टिम, सगळं तिच्या आत आपापल्या जागी असतं. ती कॉपी केली की कार्डवरच्या आधीच्या फाइल सिस्टिममध्ये एक मोठी फाइल येऊन पडते, एवढंच. घराचा नकाशा कपाटात ठेवला म्हणून घर उभं राहत नाही. इमेज कार्डच्या सेक्टर शून्यापासून लिहावी लागते, आणि ते काम खास सॉफ्टवेअरचं.

मग जुन्या व्हिडिओंमध्ये लोक झिप उघडून फाइली कॉपी करताना दिसतात, ते काय? ते ‘नूब्स’ होतं, रास्पबेरी पायचं जुनं इन्स्टॉलर. पायला फॅट (विंडोजलाही वाचता येणारी साधी फाइल सिस्टिम) पार्टिशनमधल्या फाइली थेट वाचता येतात, म्हणून तिथे कॉपी करून भागत असे. नूब्सचा जमाना आता गेला. तो व्हिडिओ पाहून ऑरेंज पायचं कार्ड करायला बसलात तर हाती काही लागणार नाही.

वीज दिल्यावर बोर्ड कार्डवर नेमकं काय शोधतो?

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं इथेच दडलेली आहेत.

प्रत्येक एआरएम चिपमध्ये (या बोर्डांवरचे प्रोसेसर याच जातीचे असतात) कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो: बूट रॉम. तो बदलता येत नाही. वीज येताच तो जागा होतो आणि एका ठरलेल्या ठिकाणी पुढचा कोड शोधतो. ते ठिकाण चिप बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं असतं, आणि प्रत्येकीने ते वेगळं ठरवलं आहे.

ऑलविनरच्या चिपा (ऑरेंज पाय पीसी, ऑरेंज पाय वन वगैरे) कार्डच्या सुरुवातीपासून बरोबर ८ किलोबाइटवर पाहतात. तिथे कोणती फाइल सिस्टिम आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. कच्च्या सेक्टरमध्ये योग्य खूण असलेला कोड सापडला की झालं. इथे एक गंमत आहे. जीपीटी पद्धतीचं पार्टिशन टेबल कार्डचे पहिले ३४ सेक्टर, म्हणजे १७ किलोबाइट, व्यापतं. ८ किलोबाइटवर बूटलोडर लिहिला की ते टेबल तुडवलं जातं. म्हणून एच ३ आणि त्यानंतरच्या चिपा ८ किलोबाइटवर काही सापडलं नाही तर १२८ किलोबाइटवरही पाहतात. जुन्या ए २० सारख्या चिपेवर मात्र साधं एमबीआर टेबलच ठेवावं; ती जुनी पद्धत पहिल्या सेक्टरातच मावते.

रॉकचिपचा पहिला टप्पा ६४व्या सेक्टरवर असतो, म्हणजे ३२ किलोबाइटवर, आणि यू-बूट (अशा बोर्डांवरचा नेहमीचा बूटलोडर) १६३८४व्या सेक्टरवर, म्हणजे ८ मेगाबाइटवर. एनएक्सपीच्या आय.एमएक्स ६ चिपेत हीच जागा १ किलोबाइटवर आहे. बीगलबोन ब्लॅकवरची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप जरा सुशिक्षित आहे. तिला फॅट पार्टिशन वाचता येतं, आणि त्यात ती ‘एमएलओ’ नावाची फाइल शोधते. कच्च्या सेक्टरमधूनही ती बूट होते.

हा पहिला कोड इतका लहान का, असंही विचारलं जातं. त्या क्षणी बोर्डावरची मोठी रॅम सुरूच झालेली नसते. चिपेच्या पोटात काही किलोबाइटची जी मेमरी असते तेवढ्यातच सगळं बसवायचं असतं. हा चिमुकला कोड (त्याला एसपीएल म्हणतात) रॅम चालू करतो आणि पूर्ण यू-बूट रॅममध्ये आणतो. यू-बूट कार्डवरची बूट स्क्रिप्ट किंवा ‘एक्स्टलिनक्स’ची फाइल वाचतो, आणि मग कर्नल (लिनक्सचा गाभा) व डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या भागांची यादी) उचलून कर्नलच्या हाती कारभार देतो.

रास्पबेरी पायची रीत या सगळ्यांपेक्षा उलटी आहे. तिथे आधी ग्राफिक्सचा भाग जागा होतो. एआरएम कोअर तोवर झोपलेला असतो. पाय ३ पर्यंत हा ग्राफिक्सचा भाग फॅट पार्टिशनमधली ‘बूटकोड डॉट बिन’ वाचतो, मग ‘स्टार्ट डॉट ईएलएफ’, मग ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’, आणि शेवटी कर्नल. २०१९च्या पाय ४ पासून पहिला टप्पा बोर्डावरच्याच ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या छोट्या मेमरीत) गेला, म्हणून ‘बूटकोड’ची गरज संपली. पाय ५ला ‘स्टार्ट’ फाइलही लागत नाही.

एका बोर्डासाठी केलेलं कार्ड दुसऱ्या बोर्डात चालेल का?

पायच्या घराण्यात बऱ्याचदा चालतं. रास्पबेरी पाय ओएसच्या बूट पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या मॉडेलांचे कर्नल शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, आणि फर्मवेअर आपल्याला हवा तो उचलतं. दोन अटी आहेत. पहिला पाय आणि मूळ पाय झिरो यांना ६४-बिट इमेज चालत नाही. आणि बोर्ड इमेजपेक्षा नवा असून भागत नाही: पाय ५ला २०२३च्या ऑक्टोबरात आलेली बुकवर्म किंवा त्यानंतरची आवृत्तीच लागते. कपाटात पडून असलेलं त्याआधीच्या बुल्सआय आवृत्तीचं कार्ड पाय ५ मध्ये घातलंत तर ते सुरू होणार नाही, आणि त्यात बोर्डाचा दोष नसतो.

पायच्या बाहेर मात्र नाव पाहून इमेज घेऊ नका, चिप पाहून घ्या. ऑरेंज पाय पीसीवर ऑलविनरची एच ३ आहे, ऑरेंज पाय ५ वर रॉकचिपची आरके ३५८८एस. खोक्यावर संत्रं तेच, पण बूट रॉम वेगळी, कोड शोधण्याची जागा वेगळी. एकाची इमेज दुसऱ्याला शून्य उपयोगाची. चिप सारखी असली तरी डिव्हाइस ट्री वेगळी असू शकते.

डिव्हाइस ट्री म्हणजे या बोर्डावर कोणत्या पत्त्यावर काय जोडलं आहे याची कर्नलला दिलेली यादी. पीसीत हे काम बायोस किंवा यूईएफआय करतं; बहुतेक एआरएम बोर्डांवर सांगणारं कोणी नसतं. पूर्वी ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच प्रत्येक बोर्डासाठी वेगळी लिहिलेली असे. २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे वैतागले, आणि त्यानंतर एआरएमच्या जगात डिव्हाइस ट्रीने जोर धरला. चुकीची डिव्हाइस ट्री पडली तर कर्नल सुरू होतो, पण इथरनेट गायब, नाहीतर एचडीएमआय काळं. ‘बूट तर होतंय, पण वायफाय दिसत नाही’ अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं.

कार्ड कोणतं घ्यावं?

१६ किंवा ३२ जीबी पुरतं. कार्डवर छापलेला क्लास १० किंवा यू १ म्हणजे सलग लिहिण्याचा किमान वेग सेकंदाला १० एमबी, यू ३ म्हणजे ३०. हे आकडे व्हिडिओ शूट करणाऱ्यांसाठी आहेत. ऑपरेटिंग सिस्टिम सलग लिहीत नाही. इथे चार किलोबाइट, तिथे चार किलोबाइट असं तिचं चालतं. म्हणून पाहायचं ते ‘ए १’ हे चिन्ह: सेकंदाला किमान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं. ‘ए २’ मध्ये हेच आकडे ४००० आणि २००० होतात, पण तो वेग मिळायला बोर्डाकडूनही खास साथ लागते आणि बऱ्याच बोर्डांकडे ती नाही. पाय ५ला नव्या कर्नलसोबत ती मिळाली आहे. बाकीच्यांनी ए २ साठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. नामांकित कंपनीचं अस्सल ए १ कार्ड घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या पॉवर अडॅप्टरवर खर्च करा.

कार्ड नकली आहे हे कसं कळणार?

पाकिटावरून कळत नाही. आजकाल पाकिटंही हुबेहूब असतात. नकली कार्ड संगणकाला ६४ जीबी सांगतं आणि आत असते ८ जीबीची चिप. पहिले ८ जीबी नीट लिहिले जातात, पुढचं हवेत जातं किंवा आधीच्याच मजकुरावर चढतं. म्हणून इमेज लिहिली जाते, बोर्ड सुरूही होतो, आणि आठवड्याभराने अपडेट करताना सगळं कोसळतं. मग दोष ऑपरेटिंग सिस्टिमवर जातो.

विंडोजवर ‘एच २ टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ ३’ ही फुकट साधनं पूर्ण कार्ड भरून परत वाचून पाहतात. वेळ लागतो, कार्डवरचा डेटा आधी काढून ठेवावा लागतो, पण निकाल पक्का मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या की ऑनलाइन मागवा, बिल जपून ठेवा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी उरका.

विंडोजवर कोणतं सॉफ्टवेअर वापरू? आधी कार्ड फॉरमॅट करावं लागतं का?

फॉरमॅट करायची गरज नाही. इमेज सेक्टर शून्यापासून लिहिली जाते. आधी तिथे काय होतं याला अर्थ उरत नाही.

पायसाठी ‘रास्पबेरी पाय इमेजर’ घ्या. २०२० साली आलेलं हे सॉफ्टवेअर इमेज स्वतःच उतरवून घेतं, लिहितं आणि लिहिल्यावर तपासतं. दुसऱ्या बोर्डाची इमेजही त्यातून लिहिता येते: यादीच्या तळाशी स्वतःची फाइल निवडण्याची सोय आहे. ‘बलेनाएचर’ही तेच करतं आणि तपासतंही. रूफस मुख्यतः पीसीच्या पेनड्राइव्हसाठी असलं तरी त्यानेही काम होतं. डाउनलोड झालेली फाइल एक्सझेड किंवा जीझेड असेल तर या तिघांना ती उघडून द्यावी लागत नाही.

चेकसम तपासणं खरंच गरजेचं आहे का?

इमेजर स्वतः उतरवतं तेव्हा नाही. हाताने उतरवलेल्या फाइलीसाठी, विशेषतः मोबाइल हॉटस्पॉटवरून मधेमधे तुटत आलेल्या फाइलीसाठी, होय. इमेजच्या शेजारी एसएचए २५६ची ६४ अक्षरांची ओळ दिलेली असते. विंडोजवर ‘सर्टयुटिल’च्या हॅशफाइल पर्यायाने (शेवटी एसएचए २५६ लिहून) आणि लिनक्सवर ‘एसएचए २५६ सम’ने आपल्या फाइलीची ओळ काढा आणि दोन्ही ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवा.

लिनक्सवर डीडी वापरायचं आहे. काय जपायचं?

डीडी ही डिस्कवर थेट लिहिणारी कमांड सांगितलेलं निमूटपणे करते. चुकीच्या डिस्कचं नाव दिलंत तर तुमच्या लॅपटॉपवरचा डेटाही तितक्याच निमूटपणे पुसतं. म्हणून कार्ड घालण्याआधी ‘एलएसबीएलके’ (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवा, कार्ड घालून पुन्हा चालवा. जे नाव नव्याने उगवलं ते कार्ड. यूएसबी रीडरमध्ये ते एसडीबी किंवा एसडीसी असं दिसतं. लॅपटॉपच्या आतल्या स्लॉटमध्ये बहुधा ‘एमएमसीबीएलके’ आणि पुढे शून्य. आकारही पाहा: ३२ जीबीचं कार्ड साधारण २९ ते ३० जीबी दिसतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि ही कमांड १०२४ने.

पत्ता पूर्ण उपकरणाचा द्यायचा, पार्टिशनचा नाही. एसडीबी बरोबर, एसडीबी १ चूक. एसडीबी १ वर लिहिलंत तर कमांड बिनतक्रार पूर्ण होते, पण सगळी इमेज पार्टिशनच्या सुरुवातीएवढी पुढे सरकलेली असते. बूट रॉम ठरलेल्या जागी पाहते आणि तिथे तिला काही सापडत नाही. नवख्यांच्या मुळीच न चालणाऱ्या कार्डांमागे असलेलं हे एक नेहमीचं कारण. दुसरं म्हणजे एक्सझेड फाइल तशीच डीडीला देणं. डीडी ती उघडत नाही, दाबलेला मजकूर तसाच कार्डवर ओततं. आधी ‘अनएक्सझेड’ करा किंवा ‘एक्सझेडकॅट’मधून पाइप करा.

लिहिण्याआधी कार्डची सगळी पार्टिशनं अनमाउंट करा. ब्लॉकचा आकार ४ एमबी द्या, नाहीतर ५१२ बाइटच्या घासांनी काम रेंगाळतं. प्रगती दाखवणारा ‘स्टेटस’चा पर्याय द्या, आणि ‘कॉन्व्ह’मध्ये ‘एफसिंक’ घालायला विसरू नका. ते नसेल तर डेटा अजून संगणकाच्या रॅममध्ये असतानाच डीडी ‘झालं’ म्हणून मोकळं होतं, आणि तुम्ही कार्ड उपटून मोकळे होता.

मॅकवरही डीडी आहे. तिथे ‘डिस्कयुटिल’ने कार्ड अनमाउंट करा आणि डिस्कच्या नावाआधी ‘आर’ लावा. डिस्क २ ऐवजी आरडिस्क २ दिल्यावर वेग कित्येक पटींनी वाढतो.

कार्ड लिहून झालं आणि लगेच विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करा’ अशी खिडकी दाखवली. कार्ड बिघडलं का?

नाही. विंडोजला लिनक्सचं ईएक्सटी ४ पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते घाबरवतं. खिडकी ‘कॅन्सल’ करा. ‘फॉरमॅट’ दाबलंत तर आत्ताच केलेली मेहनत पाण्यात.

३२ जीबीचं कार्ड, पण विंडोजमध्ये फक्त ५०० एमबीच्या आसपास दिसतं. बाकीचं कुठे गेलं?

तेवढंच फॅट पार्टिशन आहे. बुकवर्ममध्ये ते ५१२ एमबीचं असतं, त्याआधी २५६चं होतं. बाकी ईएक्सटी ४ विंडोजला दिसत नाही. पहिल्यांदा बूट होताना सिस्टिम स्वतःच मूळ पार्टिशन कार्डच्या टोकापर्यंत वाढवते, म्हणून पहिलं बूट जरा जास्त वेळ घेतं. तेवढ्यात प्लग काढू नका. आर्मबियनच्या (अशा अनेक बोर्डांसाठी बनवलेल्या लिनक्सच्या) बऱ्याच इमेजमध्ये फॅट पार्टिशनच नसतं. तिथे विंडोजला एकही ड्राइव्ह दिसला नाही तरी ते बरोबरच आहे.

मॉनिटर-कीबोर्ड नाही. नुसत्या वायफायवरून पायमध्ये शिरायचं आहे.

इमेजरमध्ये लिहिण्याआधी सेटिंग्ज विचारली जातात. तिथेच युजर, पासवर्ड, वायफायचं नाव, देश ‘आयएन’ आणि एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन करण्याची सोय) भरून टाका. देश न भरल्यास वायफायचा रेडिओ बंदच राहतो, कारण कोणती वारंवारता वापरायची मुभा आहे हे बोर्डाला कळत नाही. पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर आधी हे पाहा.

जुन्या लेखांतल्या दोन युक्त्या आता चालत नाहीत. ‘पाय’ नावाचा युजर आणि ‘रास्पबेरी’ पासवर्ड एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकला. बूट पार्टिशनमध्ये ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ची फाइल टाकण्याची पद्धत बुकवर्मपासून निकामी झाली, कारण तिथे नेटवर्क मॅनेजर आला. एसएसएच २०१६च्या शेवटापासून मुळात बंदच येतं. बुकवर्ममध्ये ते सुरू करायला बूट पार्टिशनमध्ये ‘एसएसएच’ नावाची रिकामी फाइल ठेवण्याची रीत चालते. नोटपॅडने तिच्या मागे ‘टीएक्सटी’ चिकटवलं तरी हरकत नाही.

आर्मबियनमध्ये रूटचा पहिला पासवर्ड १२३४ असतो, आणि पहिल्या लॉगिनला तो बदलायला लावतात. त्यासाठी पहिल्यांदा इथरनेटची तार जोडणं सर्वांत सोपं. बोर्डाचा आयपी पत्ता राउटरच्या पानावर सापडतो.

लाल दिवा लागतो, पण पुढे काहीच नाही.

लाल दिवा वीज मिळते आहे एवढंच सांगतो. पाहायचा तो हिरवा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर तो अजिबात लुकलुकत नसेल तर कार्ड वाचलंच जात नाही: कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा, दुसरं कार्ड लावून पाहा. एका लयीत चार वेळा चमकून थांबत असेल तर ‘स्टार्ट’ फाइल सापडत नाही. सात वेळा म्हणजे कर्नल सापडत नाही. स्क्रीनवर इंद्रधनुष्यी रंगांचा चौकोन येऊन तिथेच थांबला तर फर्मवेअरपर्यंत सगळं ठीक आहे, घोटाळा कर्नलपाशी आहे. बहुधा इमेज बोर्डापेक्षा जुनी. पाय ४ आणि ५ वर कार्ड सापडलं नाही तर एचडीएमआयवर पांढऱ्या अक्षरांत माहिती येते. मात्र पाय ४ वर केबल यूएसबी-सीच्या शेजारच्या एचडीएमआयमध्ये लावा.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर विजेकडे वळा. पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ला पूर्ण जोर हवा तर ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर आकडा तोच छापलेला असला तरी पातळ केबलमध्ये व्होल्ट गळतात. व्होल्टेज सुमारे ४.६३च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेची खूण उमटते. तिच्याकडे दुर्लक्ष करून सहा वेळा कार्ड पुन्हा लिहिणारे लोक पुष्कळ आहेत.

पाय ४चं ईईप्रॉमच बिघडलं असेल, जे क्वचित होतं, तर इमेजरच्या ‘मिसलेनियस युटिलिटी’मध्ये बूटलोडरची छोटी इमेज असते. ती एका कार्डवर लिहून बोर्ड सुरू करा. हिरवा दिवा झपाट्याने, एकसारखा लुकलुकू लागला की ईईप्रॉम नव्याने भरलं गेलं.

पाय नसलेल्या बोर्डावर दिव्यावरून काही कळत नाही. मग?

मग सीरियल केबल, म्हणजे बोर्डाचे संदेश आपल्या संगणकावर वाचण्याची तार. दोनशे-तीनशे रुपयांचं यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जवळ असेल तर तासन्‌तासांचे अंदाज वाचतात, कारण यू-बूट पहिल्या क्षणापासून तिथे बोलायला लागतो. तीन तारा जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारा) बोर्डाच्या आरएक्सला (ऐकणाऱ्याला), आणि आरएक्स टीएक्सला. लाल ५ व्होल्टची तार मोकळी सोडा. अडॅप्टर ३.३ व्होल्टचं हवं. ५ व्होल्टचा सिग्नल चिपेच्या पिना जाळतो. पायवर ग्राउंड, टीएक्स, आरएक्स हे ६, ८ आणि १० नंबरच्या पिनांवर आहेत, आणि ‘कॉन्फिग’मध्ये ‘एनेबल युआर्ट’ एक करावं लागतं.

वेग बहुतेक बोर्डांवर १,१५,२००. रॉकचिपवाल्यांवर मात्र बहुधा १५,००,०००, आणि सीपी २१०२ चिपचं अडॅप्टर १० लाखांपर्यंतच जातं. स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं दिसली तर बोर्ड ठीक आहे, तुमचा वेग चुकतो आहे. रॉकचिपसाठी सीएच ३४० किंवा एफटी २३२ चिपचं अडॅप्टर घ्या.

आता काय वाचायचं? एकही अक्षर आलं नाही तर बूट रॉमला पहिला कोड मिळाला नाही: चुकीची इमेज किंवा चुकीची जागा. एसपीएलची ओळ येऊन पुढे शांतता असेल तर रॅम सुरू होण्यात अडचण आहे. बहुतेकदा दुसऱ्याच बोर्डाचा बूटलोडर. यू-बूट आला पण कर्नल नाही, तर बूट स्क्रिप्ट पाहा. कर्नल धावला आणि ‘रूट फाइल सिस्टिम सापडत नाही’ म्हणून थांबला, तर पार्टिशनची ओळख जुळत नाही.

बोर्डावर ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवणुकीची चिप) आहे आणि त्यातलीच जुनी सिस्टिम सुरू होते. कार्डकडे तो बघतच नाही.

हा क्रमही बूट रॉममध्ये कोरलेला असतो. ऑलविनर आधी कार्ड पाहतो, त्यामुळे ईएमएमसीवर अँड्रॉइड असलं तरी कार्ड जिंकतं. रॉकचिपची आरके ३३९९ आधी एसपीआय फ्लॅश (बोर्डावरची आणखी एक छोटी मेमरी चिप), मग ईएमएमसी आणि शेवटी कार्ड पाहते. तिथे ईएमएमसीवरचा बूटलोडर पुसावा लागतो, किंवा बोर्डावर सोय असल्यास सुरू करताना ईएमएमसी बंद ठेवावी लागते. बीगलबोन ब्लॅकवर कार्डच्या खाचेजवळचं एस २ बटण दाबून धरा, मग वीज द्या. वीज दिल्यावर दाबून उपयोग नाही; क्रम तोवर ठरून गेलेला असतो.

लाईट गेली की कार्ड खराब होतं, हे खरं का?

दर वेळी होत नाही, पण कधीतरी होतंच. ईएक्सटी ४चं जर्नल (बदलांची आधीच करून ठेवलेली नोंद) फाइल सिस्टिमला सावरतं. मात्र कार्डच्या आतला कंट्रोलर आपला हिशोब स्वतंत्र ठेवतो: कोणता डेटा कोणत्या फ्लॅश ब्लॉकमध्ये आहे त्याची यादी. लहानशी नोंद लिहितानाही तो मोठे ब्लॉक हलवतो. नेमक्या तेव्हा वीज गेली तर ज्या फाइलीला कोणी हातही लावला नव्हता तीही जाऊ शकते, आणि जर्नलला याचा पत्ता नसतो.

गावाकडे दिवसातून चारदा लाईट जात असेल तर लिहिणं कमी करणं हाच खरा इलाज. पायवर ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो चालू केला की कार्ड फक्त वाचलं जातं आणि बदल रॅममध्ये राहतात. बोर्ड बंद झाला की पुसले जातात. सेन्सर वाचून नोंदी पुढे पाठवणाऱ्या बोर्डाला हे उत्तम. ज्याला डेटा स्वतःकडेच ठेवायचा आहे त्याने तो यूएसबी एसएसडीवर ठेवावा, लॉग रॅममध्ये न्यावेत (आर्मबियन हे आपणहून करतं), आणि राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा, मात्र बोर्डाला लागतात तेवढे अँपिअर तो देतो का हे पाहून.

एक कार्ड नीट जमलं. आता वर्गातल्या वीस बोर्डांसाठी त्याच्या प्रती काढायच्या आहेत.

डीडीने उलट दिशेने वाचून इमेज बनवा. अडचण आकाराची येते. ‘३२ जीबी’ छापलेली दोन कंपन्यांची कार्डं काही एमबीने लहान-मोठी असतात, आणि मोठ्यावरून काढलेली इमेज लहानावर मावत नाही. ‘पायश्रिंक’ ही स्क्रिप्ट रिकामी जागा छाटून इमेज आखडते. पुढे बूट होताना ती पुन्हा पसरते.

दुसरी अडचण लगेच दिसत नाही. सगळ्या प्रतींवर तेच होस्टनेम, त्याच एसएसएच किल्ल्या, तीच मशीन-आयडी. एकाच नेटवर्कवर वीस जुळी भावंडं आली की राउटर कधी एकाच आयपीवरून दोघांना भांडवतो. प्रत काढण्यापूर्वी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, एसएसएचच्या किल्ल्या पुसून पहिल्या बूटला नव्या तयार होतील अशी सोय करा, आणि नावं वेगवेगळी द्या.

डेस्कटॉपवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसतात.

देवनागरी फाँट नाही. डेबियनवर आधारलेल्या सिस्टिमवर ‘फाँट्स-देवा’ हे पॅकेज घाला. लोकेलमध्ये मराठी-भारत, यूटीएफ-८ निवडलं तर तारखा आणि मेनूही जमेल तितके मराठीत येतात.

हे कार्ड परत फोनमध्ये वापरायचं आहे, पण विंडोज ते ५१२ एमबीचंच समजतं.

साध्या फॉरमॅटने फक्त ते छोटं पार्टिशन पुसलं जातं, बाकीची पार्टिशनं तशीच राहतात. इमेजरमधला ‘इरेज’ पर्याय पूर्ण कार्डवर एकच फॅट ३२ पार्टिशन करतो. एसडी असोसिएशनचं ‘एसडी कार्ड फॉरमॅटर’ही चालतं, ते ३२ जीबीपर्यंत फॅट ३२ आणि त्यावर एक्सफॅट लावतं, आणि फोन-कॅमेऱ्यांना हेच हवं असतं. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘क्लीन’ म्हणूनही होतं, पण तिथे डिस्कचा नंबर दोनदा पाहा. डीडीबद्दल वर जे सांगितलं ते इथेही तंतोतंत लागू आहे.